दात काढायचा ठरलाय? मग हाडाचं आधीच विचारून घ्या

या वेळी आलेल्या पत्रांत बरीचशी पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, दात काढल्यावर तिथलं हाड आणि हिरडी बसत जाते त्याचं काय करायचं. त्यातली काही निवडून उत्तरं देतेय. पहिलं उत्तर लांबलंय, पण बाकीच्यांनीही ते वाचा, कारण पुढचं बरंचसं त्यावरच उभं आहे.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. मी ३४ वर्षांची, साताऱ्याला असते. शाळेत असताना पडले होते तेव्हा वरचा पुढचा दात दुखावला, मग रूट कॅनाल करून कॅप बसवली. आता त्या दाताचं मूळ उभं चिरलंय, काढावाच लागेल म्हणतात. डॉक्टर म्हणाले की दात काढला की त्याच वेळी खड्ड्यात हाडाची पावडर भरू, वर पडदा लावून टाके घालू आणि चार-पाच महिन्यांनी इम्प्लांट करू, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. पावडरचे आणि पडद्याचे नऊ हजार वेगळे. घरचे म्हणतात खड्डा आपोआप भरतो, आजीचे सगळे दात काढले तेव्हा कुणी पावडर भरली होती? खरंच गरज आहे का?

उत्तर: ताई, तुमच्या बाबतीत गरज आहे असं माझं मत आहे, आणि का ते नीट सांगते, कारण घरच्यांचं म्हणणंही अर्धं बरोबर आहे. खड्डा आपोआप भरतो हे खरंच आहे. दात निघाला की तिथे रक्ताची गाठ बसते, आठवडाभरात तिच्या जागी लालसर नवीन मांस यायला लागतं, साधारण चार ते सहा आठवड्यांत वरून हिरडी बंद होते आणि आत हळूहळू हाड तयार होतं, त्याला चार-सहा महिने जातात. पण हे सगळं आतल्या बाजूने चाललेलं असतं आणि त्याच वेळी खड्ड्याच्या भिंती बाहेरून झिजत असतात, हे पेशंटला बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही.

झिजतात का, तर मुळाला लागून हाडाचा जो पातळ थर असतो तो मुळात दातासाठीच असतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचं अस्तर असतं, त्यातल्या रक्तवाहिन्यांवर तो थर जगतो. दात गेला, अस्तर गेलं, रक्तपुरवठा तुटला, की शरीर तो थर विरघळवून टाकतं. आणि वरच्या पुढच्या दातांना ओठाकडच्या बाजूची हाडाची भिंत बहुतेक लोकांत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, अगदी अंड्याच्या टरफलासारखी, म्हणजे तिथे जवळजवळ अख्खी भिंतच त्या थराची असते. म्हणून टाळूकडची बाजू फारशी हलत नाही, ओठाकडची मात्र आत बसते. २००५ साली कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात दात काढल्यावर आठ आठवड्यांतच बाहेरची भिंत आतल्या भिंतीच्या जवळपास दोन मिलिमीटर खाली गेलेली दिसली होती. माणसांतलं बघायचं तर २००३ मध्ये डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी दाढा आणि उपदाढा काढलेल्या जागा वर्षभर मोजल्या, सरासरी १२ मिलिमीटरची रुंदी वर्षाच्या शेवटी ६ च्या आसपास आली, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झालेली होती. म्हणजे "आत्ता काढून घेऊ, बाकीचं दिवाळीनंतर बघू" असं आपण म्हणतो ना, त्या दिवाळीपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

आजीचं म्हणाल तर आजीला कवळी होती का, आणि तिची खालची कवळी बोलताना उचलायची का, एवढं घरी विचारून बघा. दात गेले की जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजतच राहतं, १९७२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात कवळी वापरणाऱ्यांवर २५ वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यात खालच्या जबड्याचं हाड वरच्याच्या साधारण चौपट झिजलं होतं. आज्यांनी ते निमूटपणे सोसलं, मऊ भात आणि दुधात कुस्करलेली पोळी खाऊन दिवस काढले, म्हणून ते ठीक होतं असं म्हणता येत नाही.

आता पावडर काय करते. ती काही नवीन दात उगवायला जमीन तयार करत नाही की हाडाची झीज पूर्ण थांबवत नाही, तसं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. नुसता खड्डा सोडला तर जेवढी रुंदी जाते त्यातली सरासरी दीड-दोन मिलिमीटर पावडर भरल्याने वाचते, काहींची जास्त, काहींची कमी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पुढच्या दाताला ते दोन मिलिमीटर म्हणजे इम्प्लांट सरळ बसणार की वेगळं हाड भरायचं दुसरं ऑपरेशन करावं लागणार याचा फरक असतो, शिवाय हसताना दाताच्या वर हिरडी भरलेली दिसणार की तिथे काळपट खळगा दिसणार हेही त्यावरच ठरतं. तुमचं वय ३४ आहे, हा दात तुम्हाला पुढची कितीतरी वर्षं हसताना दिसणार आहे, म्हणून मी हो म्हणतेय.

पण पावडरीपेक्षा मोठी गोष्ट आहे दात कसा काढला जातो ती, आणि तिचं वेगळं बिलही होत नाही. चिरलेलं मूळ पक्कडीत धरून ओठाकडे जोरात वाकवलं तर ती टरफलासारखी भिंत दाताबरोबरच तुटून येते, मग कितीही महागाची पावडर भरा, धरून ठेवायला भिंतच उरत नाही. चांगला डॉक्टर पातळ पात्याच्या हत्याराने मूळ आणि हाड यांच्यातलं अस्तर हळूहळू कापतो, लागलं तर मुळाचे तुकडे करून एकेक काढतो, हिरडी शक्यतो उचकटत नाही. याला वेळ लागतो, अर्धा-पाऊण तास लागला तरी चालेल, तेव्हा "किती वेळ लावताय" असं खुर्चीत बसून म्हणू नका. पैसे खरंच कमी असतील आणि एकच गोष्ट निवडायची असेल तर पावडर सोडा आणि हलक्या हाताने दात काढणारा डॉक्टर निवडा, हे मी मनापासून सांगतेय.

अजून एक, मूळ उभं चिरलेलं असलं की त्या चिरेतून जंतू जाऊन बाहेरची भिंत बऱ्याचदा आधीच खाल्लेली असते. त्यामुळे दात काढायच्या आधी त्या भागाचं सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, करून भिंत आहे की नाही ते बघायला सांगा, साध्या एक्स-रेत ते कळत नाही. भिंत शाबूत असेल तर डॉक्टरांनी सांगितलंय तसंच. गेलेली असेल तर पावडरीबरोबर पडदा फार महत्त्वाचा होतो, किंवा काही जण सहा-आठ आठवडे थांबून, हिरडी बंद झाल्यावर इम्प्लांट आणि हाड एकदमच करतात, तेही चुकीचं नाही. पू येत असेल, सूज असेल तर आधी ते आटोक्यात आणायचं.

कुणी "दात काढल्या काढल्या इम्प्लांट टाकू, म्हणजे हाड बसणारच नाही" असं सांगितलं तर तेवढं मानू नका. त्याच दिवशी इम्प्लांट टाकता येतं, योग्य पेशंटमध्ये छान होतं, पण इम्प्लांटमुळे भिंत झिजायची थांबत नाही, तो समज आता मागे पडलाय. इम्प्लांट आणि भिंत यांच्यामधली फट भरावीच लागते.

आणि मधल्या चार-पाच महिन्यांत तात्पुरता दात कसला देणार हे विचारा. काढता-घालता येणारी पातळ प्लेट जर नव्या जखमेवर दाबून बसली तर हिरडी चेपून सपाट होते. शेजारच्या दातांना चिकटवलेला, खालून गोलसर घडवलेला तात्पुरता दात असला तर तो हिरडीला हलका आधार देतो आणि दोन दातांमधलं हिरडीचं टोक उभं राहायला मदत होते. ते टोक एकदा बसलं की परत आणणं फार कठीण, मला तरी हाड परत आणण्यापेक्षा ते जास्त अवघड वाटतं.

नऊ हजार जड जात असतील तर पुण्या-मुंबईच्या डेंटल कॉलेजांत दाखवा. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, तिकडे नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॉलेजं आहेत. हिरड्यांचा विभाग वेगळा असतो, तिथे पीजीचे विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली हे काम करतात, पावडर कदाचित बाहेरून आणायला लावतील पण एकूण खर्च बराच कमी होतो.

प्रश्न: आम्ही सांगलीचे, घरात कडक शाकाहारी, जैन. वडिलांची वरची दाढ काढायची आहे आणि ग्राफ्ट, म्हणजे खड्ड्यात हाडाची पावडर, टाकायचं ठरलंय. नातेवाईकांपैकी एक जण म्हणाला की ती पावडर गाईच्या हाडाची असते. हे खरं आहे का? डॉक्टरांना असं विचारलेलं चालतं का?

उत्तर: चालतं काय, विचारायलाच हवं, आणि खरं तर तुम्ही विचारायच्या आधी डॉक्टरांनी सांगायला हवं. हो, जगभर खूप वापरली जाणारी एक पावडर बैलाच्या-गाईच्या हाडापासूनच बनते. त्यातलं सगळं प्रथिन, चरबी काढून टाकून फक्त खनिज भाग ठेवतात. ती शरीरात फार सावकाश विरघळते, वर्षानुवर्षं तिथेच राहते, म्हणून जागेचा आकार टिकवायला डॉक्टरांना ती आवडते. पण तोच एक पर्याय आहे असं मुळीच नाही.

पूर्ण कृत्रिम पावडरी मिळतात, हायड्रॉक्सीॲपेटाइट, बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, किंवा दोन्हींचं मिश्रण, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट प्रयोगशाळेत बनवलेलं. बीटावाली लवकर विरते, मिश्रणवाली जास्त टिकते. तुमच्या घरासाठी मी हाच पर्याय सुचवेन, दाढेच्या जागी तो चांगला चालतो. दुसरा स्रोत म्हणजे दान केलेलं माणसाचं हाड, ते गोठवून, वाळवून, निर्जंतुक करून देतात. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक १९८८ पासून हे काम करतेय, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं तिथलं हाड देशभरातल्या डेंटल कॉलेजांत वापरलं जातं. काही कुटुंबांना हे प्राण्याच्या हाडापेक्षा चालतं, काहींना हेही नको वाटतं, तो ज्याचा त्याचा निर्णय.

पावडरीचं विचारताना लोक पडद्याचं विचारायला विसरतात! वरून लावायचा पडदा बऱ्याचदा कोलॅजेनचा असतो, तो गाय, डुक्कर किंवा माशापासून काढलेला असतो, खड्ड्यात दाबायचे स्पंजसारखे कोलॅजेनचे प्लगही तसेच. त्याऐवजी पीआरएफ करता येतं. हातातून साधारण दहा मिली रक्त घेतात, काहीही औषध न मिसळता मशीनमध्ये दहा-बारा मिनिटं फिरवतात, नळीत मधोमध पिवळसर जेलीसारखा गोळा तयार होतो, तो दाबून चपटा केला की पडदा झाला. २००१ साली फ्रान्समध्ये ही पद्धत निघाली. यात सगळं वडिलांचं स्वतःचंच. हिरडी लवकर भरते, दुखणं कमी राहतं असा अनुभव आहे, पण हाडाची रुंदी टिकवायला एकट्या पीआरएफवर मी विसंबणार नाही, कृत्रिम पावडर आणि वर पीआरएफ असं दोन्ही करून घ्या. पाकिटावर स्रोत लिहिलेला असतो, ते पाकीट दाखवायला सांगा आणि त्यावरचा स्टिकर फाइलला लावून घ्या.

वरची दाढ म्हणालात म्हणून सांगते, तिच्या मुळांच्या वर वरच्या जबड्याच्या हाडातली हवेची पोकळी असते, सायनस. दाढ गेल्यावर हाड खालून तर झिजतंच पण ही पोकळीही खाली पसरते, दोन्हीकडून जागा कमी होते. पुढे इम्प्लांट करायचा विचार असेल तर तिथे ग्राफ्टचा उपयोग जास्त. इम्प्लांट करायचाच नसेल, वडील ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवलेला कृत्रिम दात) किंवा मोकळी जागा चालवून घेणार असतील, तर ग्राफ्ट नाही केलं तरी चालेल.

प्रश्न: माझी आई ६७ वर्षांची, आम्ही बार्शीचे. हाडं ठिसूळ झालीयेत म्हणून तिला दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन देतात, त्याआधी काही वर्षं आठवड्याला एक गोळी होती. खालच्या दोन दाढा हलतात, काढायच्यात. दातांच्या डॉक्टरांना इंजेक्शनचं सांगितलं नाही, सांगायला हवं का? आई मशेरी लावते, ती काही सोडत नाही.

उत्तर: आजच सांगा, खुर्चीत बसायच्या आधी. आठवड्याची गोळी बहुतेक ॲलेंड्रोनेट असणार आणि सहा महिन्यांचं इंजेक्शन डेनोसुमॅब. दोन्ही औषधं हाड झिजणं थांबवतात म्हणून मणक्यासाठी, खुब्यासाठी चांगली, पण हाड झिजून नवं बनायची जी नेहमीची उलाढाल असते तीच मंदावते, त्यामुळे दात काढल्यावर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून आठवडेच्या आठवडे भरून येत नाही. २००३ पासून डॉक्टरांना हे माहीत झालंय. घाबरून जाऊ नका, ठिसूळपणासाठी जेवढा डोस देतात त्यात हा धोका एक टक्क्याहूनही कमी आहे, कॅन्सरच्या पेशंटना जे मोठे डोस असतात त्यांच्यात जास्त. पण माहीत असलं की डॉक्टर काळजी घेतात, जखम शक्यतो टाके घालून बंद करतात, नंतर तपासत राहतात.

इंजेक्शन स्वतःच्या मनाने बंद करू नका किंवा पुढे ढकलू नका, डेनोसुमॅब चुकलं तर हाडाची घनता झपाट्याने उतरते आणि मणके मोडू शकतात. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. साधारणपणे पुढचं इंजेक्शन जवळ आलेलं असताना, म्हणजे मागच्याला पाच-साडेपाच महिने झाल्यावर दात काढणं सोयीचं पडतं, पण दाढेत पू असेल तर तेवढं थांबणंही बरोबर नाही, ते बघणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर तीही सांगा, तीही आपणहून बंद करायची नाही. साखर असेल तर एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा, रिपोर्ट घेऊन जा. आईंच्या बाबतीत हाड भरणं, इम्प्लांट वगैरेची घाई मी करणार नाही, जखम शांतपणे बंद झाली म्हणजे झालं.

मशेरीचं मात्र मला कळकळीने सांगायचंय. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे, दात घासायचं साधन नाही. तिच्यामुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं, आणि ती बोटाने घासताना नव्या जखमेतली गाठ निघून येते. कायमची सोड म्हटलं तर आई ऐकणार नाहीत, तीस-चाळीस वर्षांची सवय आहे, रागावून ती सुटत नाही. दात काढायच्या निदान आठवडाभर आधीपासून आणि नंतर तीन-चार आठवडे, एवढं कबूल करून घ्या, सकाळी तोंडात काहीतरी हवंच वाटतं तेव्हा बडीशेप, लवंग द्या. एवढे दिवस निघाले की पुढचं बोलायला जागा होते.

प्रश्न: ठाण्याहून लिहितोय. खालची दाढ काढून तीन दिवस झाले. पहिले दोन दिवस बरं होतं, आता कानापर्यंत ठणकतंय आणि तोंडाला वास येतोय. खड्ड्यात पांढरं काहीतरी दिसतंय, पू आहे का? लवंगाचं तेल टाकू का?

उत्तर: आधी बरं वाटून मग तिसऱ्या दिवशी असा ठणका लागणं, कानापर्यंत जाणं आणि वास, हे ड्राय सॉकेटसारखं वाटतंय, म्हणजे रक्ताची गाठ निघून गेली आणि आतलं हाड उघडं पडलं. डॉक्टरांकडे जा, ते खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात आणि बऱ्याच जणांना त्याच दिवशी आराम पडतो. याला अँटिबायोटिकची गरज सहसा नसते, तेव्हा मेडिकलमधून गोळ्या आणून खात बसू नका. लवंगाचं तेल डॉक्टरांच्या पट्टीतही असतं, पण बाटलीतलं निव्वळ तेल कापसाने दाबलं तर हिरडी भाजते. तंबाखूची गोळी तर अजिबात दाबू नका. ताप, गिळायला त्रास किंवा बाहेरून सूज असेल तर मात्र त्याच दिवशी, रात्र असली तरी दाखवा.

पांढरं दिसतंय ते बहुतेक वेळा पू नसतो, भरणाऱ्या जखमेवर तसा थर येतोच, टूथपिकने कोरू नका. ज्यांचे दात अजून काढायचेत त्यांच्यासाठी लिहिते: बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून ठेवायचा, लाळ थुंकायची नाही, गिळायची, पहिला दिवस चूळ भरायची नाही, स्ट्रॉ नको, सिगारेट-तंबाखू नको. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात घेऊन नुसतं डोकं हलवायचं आणि पाणी सांडू द्यायचं, खळाळून गुळण्या नकोत. ग्राफ्ट केलेलं असेल तर पहिले काही दिवस वाळूसारखे चार-दोन कण तोंडात येतात, त्याने बिघडत नाही, पण टाका सुटून चिमूटभर पावडर बाहेर आली तर फोन करा. अक्कलदाढ काढल्यावर ग्राफ्टची गरज बहुतेक वेळा नसतेच, तिथे आपण परत दात बसवत नाही.

प्रश्न: मी फोंड्याचा, वय ४५. दोन वर्षांपूर्वी खालची दाढ काढली, तेव्हा कुणी काही बोललं नाही. आता इम्प्लांटसाठी गेलो तर म्हणतात हाड अरुंद झालंय. आता काहीच होऊ शकत नाही का?

उत्तर: होऊ शकतं, फक्त तेव्हा जे एका बैठकीत झालं असतं त्याला आता जास्त वेळ आणि जास्त पैसे लागतील. आधी सीबीसीटी. खालच्या दाढेच्या खालून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते, इम्प्लांट तिच्यापासून निदान दोन मिलिमीटर लांब राहायला हवं, म्हणून उंची आणि रुंदी दोन्ही मोजूनच पुढे जायचं. थोडंच कमी असेल तर जरा बारीक इम्प्लांट किंवा इम्प्लांट टाकतानाच बाजूला हाड भरणं, जास्त कमी असेल तर आधी हाड वाढवायचं ऑपरेशन आणि सहा-आठ महिन्यांनी इम्प्लांट. हिरडीही बघायला सांगा. इम्प्लांटभोवती घट्ट, न हलणारी हिरडी दोनेक मिलिमीटर तरी असली तर ब्रश करताना दुखत नाही, नसेल तर टाळूवरून छोटा तुकडा आणून लावता येतो.

दोन वर्षांत शेजारची दाढ रिकाम्या जागेकडे झुकली आहे का आणि वरची दाढ खाली उतरली आहे का हेही बघून घ्या, तसं असेल तर हाड भरूनही दात बसायला जागा नसते, आधी तारा लावून ते सरळ करावं लागतं. हे काही करायचं नसेल तर ब्रिज आहे, त्याला हाडाची रुंदी लागत नाही, पण त्यासाठी दोन्हीकडचे दात घासून बारीक करावे लागतात, ते आधीच कॅप केलेले असतील तर माझी हरकत नाही, धडधाकट असतील तर मन धजत नाही. तुम्हाला बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज जवळ आहे, तिथे हिरड्यांच्या विभागात आणि कृत्रिम दातांच्या विभागात, दोन्हीकडे एकाच दिवशी दाखवा. जाताना दात काढायच्या आधीचा एखादा जुना एक्स-रे घरात असेल तर तो घेऊन जा, नस आणि हाड आधी कुठे होतं ते त्यावरून कळतं.